मोझांबिकचा ३ फेब्रुवारीचा वीर दिन: सोसायटीच्या सभागृहात काय बोलावे?

रेवती_कर्वेनगर (प्रश्न)

नमस्कार. कर्वेनगरातील आमच्या सोसायटीच्या सचिवपदाची जबाबदारी यंदा माझ्याकडे आहे. आमच्याकडे मोझांबिकहून शिकायला आलेले काही विद्यार्थी भाड्याने राहतात. मुले शांत आहेत, भाडे वेळेवर देतात आणि गणेशोत्सवात खुर्च्या मांडण्यापासून विसर्जनाच्या मिरवणुकीपर्यंत सगळीकडे हजर असतात. त्यांच्यापैकी दोघे नुकतेच लेखी अर्ज घेऊन आले. ३ फेब्रुवारीला त्यांच्या देशात राष्ट्रीय सुट्टी असते, १९६९ साली त्या दिवशी एदुआर्दो मोंडलाने या त्यांच्या नेत्याची हत्या झाली होती, आणि त्या निमित्ताने पुण्यातल्या आपल्या देशबांधवांना बोलावून संध्याकाळी सभागृहात एक छोटा कार्यक्रम करण्याची त्यांची इच्छा आहे, असे अर्जात लिहिले आहे.

अर्ज कार्यकारिणीपुढे ठेवला तेव्हा अपेक्षेपेक्षा जास्त चर्चा झाली. अर्जासोबत जोडलेल्या पत्रकावर त्यांच्या देशाचा झेंडा छापलेला आहे आणि त्या झेंड्यावर चक्क बंदुकीचे चित्र आहे. ते पाहून एका ज्येष्ठ सभासदांनी हा राजकीय कार्यक्रम असल्याचे जाहीर करून टाकले. दुसऱ्या सभासदांना प्रश्न पडला की, दिवस मृत्यूचा आहे, तर मग कार्यक्रमपत्रिकेत गाणी आणि जेवण कसे? तिसऱ्यांचे म्हणणे असे की, हे सगळे ठीक आहे, पण आफ्रिकेतल्या कुठल्या देशाच्या नेत्याशी आपला काय संबंध.

सभागृह द्यायचे, असे माझे स्वतःचे मत झाले आहे. अडचण पुढची आहे. यजमान म्हणून मी पाच मिनिटे बोलावे, अशी त्या मुलांनी विनंती केली आहे. ‘स्वातंत्र्यवीर कोणत्याही देशाचे असोत, ते वंदनीयच असतात’ अशा छापाचे भाषण मला करायचे नाही, कारण ते कोणत्याही दिवशी कोणाविषयीही करता येते. म्हणून जाणकारांना विचारते. मोंडलाने नेमके कोण होते, हा दिवस त्यांच्या पक्षाचा की सगळ्या देशाचा, आणि पुण्यात राहणाऱ्या माणसाला या दिवशी त्यांच्यापुढे पोकळ न वाटणारे असे काही बोलता येईल का?

विद्याधर_क

रेवतीताई, मी अनेक वर्षे इतिहास शिकवला असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल, ते सांभाळून घ्या.

एदुआर्दो चिवाम्बो मोंडलाने यांचा जन्म २० जून १९२० रोजी दक्षिण मोझांबिकमधील गाझा प्रांतात, एका स्थानिक प्रमुखाच्या घरात झाला. शिक्षण स्विस प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांच्या शाळेत झाले. पुढे ते जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात गेले, परंतु १९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदवादी नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि त्यानंतर लवकरच त्यांना तो देश सोडावा लागला. मग काही काळ लिस्बन, आणि तिथून अमेरिकेत ओहायोमधील ओबर्लिन कॉलेज. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, १९५७ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या विश्वस्त प्रदेशांसंबंधीच्या विभागात नोकरी केली आणि नंतर सिरॅक्यूज विद्यापीठात अध्यापन केले. म्हणजे वयाच्या चाळिशीत हा गृहस्थ अमेरिकेत स्थिरावलेला प्राध्यापक होता, अमेरिकन पत्नी आणि मुले असा संसार होता, आणि पोर्तुगालची वसाहत असलेल्या मायदेशाच्या राजकारणात उडी घेतली नसती तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती.

१९६१ मध्ये ते मायदेशाचा दौरा करून आले आणि त्यानंतर त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाची नोकरी सोडली. २५ जून १९६२ रोजी दार-ए-सलाममध्ये तीन वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ‘फ्रेलिमो’ ही मुक्ती आघाडी स्थापन झाली आणि मोंडलाने तिचे पहिले अध्यक्ष झाले. दार-ए-सलाम ज्या देशात होते तो टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) तेव्हा नुकताच स्वतंत्र झाला होता आणि तिथले नेते न्येरेरे यांनी त्यांना आश्रय दिला होता. पोर्तुगालशी वाटाघाटी होऊ शकत नाहीत हे स्पष्ट झाल्यावर २५ सप्टेंबर १९६४ रोजी उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात चाय येथील हल्ल्याने सशस्त्र लढा सुरू झाला. झेंड्यावरची बंदूक त्या लढ्याची आहे. आपल्या ज्येष्ठ सभासदांना हेही दाखवावे की, त्याच चित्रात बंदुकीच्या बरोबरीने शेतकऱ्याचे कुदळीसारखे अवजार आहे आणि या दोन्हींच्या मागे उघडे पुस्तक आहे. (कोणत्याही राष्ट्राच्या झेंड्याचा अर्धाच भाग वाचून निष्कर्ष काढू नये, असे माझे नम्र मत आहे.)

आता ३ फेब्रुवारी १९६९. मोंडलाने यांनी त्या सकाळी कार्यालयात आलेले टपाल बरोबर घेतले आणि निवांतपणे काम करता यावे म्हणून ते दार-ए-सलामच्या ऑयस्टर बे भागात समुद्रालगत राहणाऱ्या एका अमेरिकन मैत्रिणीच्या घरी गेले. टपालात पुस्तकाचे एक पार्सल होते. ज्याचे अर्धे आयुष्य ग्रंथालयांत गेले, त्याला पुस्तकाच्या पार्सलचा संशय येणार नाही हे पाठवणाऱ्याने हेरलेले असावे. ते उघडताच स्फोट झाला आणि मोंडलाने जागीच ठार झाले. ते ४८ वर्षांचे होते. पोर्तुगालच्या ‘पिदे’ या गुप्त पोलिसांनी हे घडवून आणले, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. फ्रेलिमोमध्येही तेव्हा तीव्र मतभेद होते आणि आतल्या कोणी मदत केली का, यावर अजूनही वाद होतात.

मृत्युदिनी कार्यक्रम कसा, या शंकेचे उत्तर पुणेकरांना खरे तर बाहेर शोधावे लागू नये. १ ऑगस्टला लोकमान्यांच्या पुण्यतिथीला आपण पुरस्कार देतो, भाषणे करतो. २८ नोव्हेंबरला गंज पेठेत फुलेवाड्यावर लोक येतात, तिथे गाणीही होतात. ६ डिसेंबरचे तर सांगायलाच नको. मोझांबिकमध्येही २५ जूनला स्वातंत्र्यदिन आणि २५ सप्टेंबरला सशस्त्र लढ्याचा दिवस स्वतंत्रपणे साजरा होतो. ३ फेब्रुवारी हा मोंडलाने यांच्या निमित्ताने त्या लढ्यात गेलेल्या सर्वांचा दिवस मानला गेला आहे, आणि त्याचे अधिकृत नावही ‘मोझांबिकी वीरांचा दिवस’ असेच आहे.

सहकारी_सभासद

व्यावहारिक बाजू थोडक्यात मांडतो. सभागृह वाढदिवस, डोहाळजेवण आणि भिशी यांना ज्या अटींवर देता, त्याच अटींवर द्यावे. अनामत रक्कम तीच, स्वच्छतेची हमी तीच आणि ध्वनिवर्धक रात्री दहाच्या आत बंद. परदेशी भाडेकरूंची पोलिसांकडील नोंदणी घरमालकांनी केलेली असतेच, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांची नावे प्रवेशद्वारावरच्या वहीत लिहिण्यापलीकडे वेगळे काही मागण्याचे कारण दिसत नाही. ‘राजकीय कार्यक्रम नको’ असा ठराव सोसायटीत असेल, तर तो २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला पाहुणे म्हणून येणाऱ्या नगरसेवकांनाही लागू पडतो का, हे कार्यकारिणीने आधी ठरवावे.

बेती_ते_बिबवेवाडी

‘आपला काय संबंध’ असे विचारणाऱ्या सभासदांसाठी मी लिहितो. आमचे घर मूळचे मांडवीपलीकडच्या बेतीचे आणि आता दोन पिढ्या पुण्यात.

मोझांबिक आणि गोवा यांच्यावर राज्य करणारे साम्राज्य एकच होते, त्यांचा हुकूमशहा सालाझार एकच होता आणि पोलीसही तेच होते. गोव्याच्या मुक्तिलढ्याचे बाहेरचे ठाणे पुणे होते. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली मुक्त करायला गेलेल्या तुकडीत पुण्याची माणसे होती. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. गोवा विमोचन सहायक समिती पुण्यात स्थापन झाली. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी सीमा ओलांडून गेली. नानासाहेबांना मारहाण झाली, दीर्घ मुदतीची शिक्षा झाली आणि १९५७ पर्यंत ते तुरुंगात राहिले. पुण्यातच जन्मलेले आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेले मधू लिमये जुलैमध्ये गेले, त्यांनाही बेदम मारण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यात वीसहून अधिक जण गेले.

आता तारखा पाहा. गोव्याच्या मुक्तिलढ्यातले मोहन रानडे यांना ऑक्टोबर १९५५ मध्ये आमच्या बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी अवस्थेत पकडले गेले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला, तरी रानडे सुटले नाहीत, कारण तोपर्यंत त्यांना पोर्तुगालमध्ये नेले होते आणि लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात ठेवले होते. त्यांच्या सुटकेसाठी फडके यांनी समिती चालवली, आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्या भेटीत त्यांच्यासाठी शब्द टाकला. रानडे २५ जानेवारी १९६९ रोजी सुटले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी दार-ए-सलाममध्ये ते पार्सल उघडले गेले. ज्यांच्या रदबदलीने रानडे सुटले, ते अण्णादुराईही त्याच ३ फेब्रुवारीला वारले. ज्या राजवटीने एका हाताने आमचा कैदी सोडला, तिच्याच पोलिसांवर दुसऱ्या देशाचा नेता मारल्याचा आरोप त्याच पंधरवड्यात आला. रानडे शेवटची वर्षे पुण्यात होते आणि २०१९ साली इथेच गेले, म्हणजे त्यांना पाहिलेली माणसे तुमच्या सोसायटीतही कदाचित असतील.

यापुढचे लिहिताना गोवेकर म्हणून मला बरे वाटत नाही, तरीही लिहितो. तो पार्सल बॉम्ब तयार केल्याचा ठपका अनेक अभ्यासकांनी ज्याच्यावर ठेवला आहे, तो पिदेचा हस्तक काझिमिरो मोंतेरो गोव्यात जन्मलेला होता. पन्नाशीच्या दशकात गोव्याच्या पोलिसांत असताना स्वातंत्र्यसैनिकांना मारझोड करणारा ‘एजंट मोंतेरो’ म्हणून तो कुप्रसिद्ध होता. आमच्या घरच्या म्हाताऱ्यांनी ते नाव घेतले की पुढे काही वेळ कोणी बोलत नसे. १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तो देल्गादो यांची स्पेनच्या सीमेवर हत्या झाली, त्यातही हाच होता आणि पुढे पोर्तुगालच्या न्यायालयाने त्याला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. शिक्षा त्याने कधीच भोगली नाही. तो दक्षिण आफ्रिकेत राहिला आणि तिथेच मेला.

याच्या उलट टोकाला आकिनो द ब्रागांसा. जन्म १९२४, गोव्यातला बार्देस तालुका. हा पत्रकार आणि अभ्यासक फ्रेलिमोच्या नेत्यांचा विश्वासू झाला. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाल्यावर फ्रेलिमोचे तेव्हाचे नेते आणि पुढे मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले सामोरा माशेल यांनी नव्या राजवटीचा अंदाज घेण्यासाठी यांनाच पाठवले. पुढे ते मोझांबिकची राजधानी मापुतो इथल्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठात आफ्रिकी अभ्यास केंद्राचे संचालक झाले. १७ ऑगस्ट १९८२ रोजी त्याच केंद्रात दक्षिण आफ्रिकी पोलिसांनी पाठवलेले पार्सल वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या दक्षिण आफ्रिकी अभ्यासक रुथ फर्स्ट यांनी उघडले आणि त्या ठार झाल्या. आकिनो त्याच खोलीत होते आणि जखमी झाले. मोंडलाने यांचे नाव दिलेल्या विद्यापीठात, त्यांना ज्या रीतीने मारले त्याच रीतीने. १९८६ मध्ये माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात आकिनोही गेले.

तेव्हा रेवतीताई, संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. तुमच्या पाच मिनिटांत हे दोन्ही गोवेकर आले पाहिजेत, असे माझे मत आहे.

पूर्वी_मापुतोत

मी कंपनीच्या कामानिमित्त काही वर्षे मापुतोत राहिलो आहे, म्हणून तिथला दिवस कसा असतो ते सांगतो. फेब्रुवारी म्हणजे तिथला भर पावसाळी उन्हाळा. सकाळपासून अंगाला शर्ट चिकटतो. शहरातून विमानतळाकडे जाताना वाटेत ‘वीरांचा चौक’ लागतो. मधोमध पाच टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचे पांढरे स्मारक आहे आणि त्याच्या आत दफनस्थळ आहे. मोंडलाने यांना आधी दार-ए-सलाममध्ये पुरले होते. त्यांचे अवशेष १९७९ मध्ये इथे आणले. माशेल इथेच आहेत. त्यांच्या पत्नी जोझिना, ज्या १९७१ मध्ये ऐन पंचविशीत गेल्या आणि ज्यांच्या स्मृतिदिनी, म्हणजे ७ एप्रिलला, तिथला महिला दिन असतो, त्याही इथे आहेत. जवळच्या लांबलचक भिंतीवर लढ्याची चित्रे रंगवलेली आहेत. ३ फेब्रुवारीच्या सकाळी राष्ट्राध्यक्ष येऊन पुष्पचक्र वाहतात, सैनिक मानवंदना देतात, भाषण होते आणि ते दिवसभर दूरदर्शनवर फिरत राहते. प्रांतोप्रांतीच्या गावांतही असे चौक आहेत. बायका ‘कापुलाना’ नावाचे छापील सुती वस्त्र कमरेला गुंडाळतात आणि अशा दिवसांसाठी मोंडलाने यांचा चेहरा छापलेल्या कापुलाना मुद्दाम निघतात. दुपारनंतर मात्र सुट्टी ही सुट्टीच असते. कोळशावर भाजलेली कोंबडी, समुद्रकिनारा आणि संगीत. त्यामुळे पत्रिकेतल्या गाण्या-जेवणाने कोणी बिचकू नये.

पक्षाचा दिवस की देशाचा, या तुमच्या प्रश्नावर मात्र विद्याधररावांनी भर दिला नाही, तो मी देतो. कायद्याने तो देशाचा दिवस आहे. पण १९७५ पासून आजपर्यंत सत्तेवर फ्रेलिमोच आहे आणि स्मारकात कोणाला जागा द्यायची हे सत्तेवर असलेलेच ठरवत आले आहेत. मोंडलाने यांच्या वेळी उपाध्यक्ष होते उरिया सिमांगो. रिवाजाप्रमाणे त्यांनी पुढे अध्यक्ष व्हायचे, पण सिमांगो, माशेल आणि मार्सेलिनो दुश सांतुश अशा तिघांची समिती नेमली गेली. काही महिन्यांतच सिमांगो यांनी नेतृत्वावर जाहीर टीका केली आणि त्यांची हकालपट्टी झाली. स्वातंत्र्यानंतर खटला न चालवता त्यांना ठार मारण्यात आले, त्यांच्या पत्नी सेलिना यांनाही. दुश सांतुश २०२० मध्ये गेले, तेव्हा त्यांना त्या ताऱ्यात सन्मानाने जागा मिळाली. सिमांगो यांचा मुलगा दाविझ पुढे बैरा शहराचा महापौर झाला आणि त्याने स्वतःचा विरोधी पक्ष काढला. बैरामध्ये ३ फेब्रुवारीला लोकांशी बोललात, तर ‘आमचे वीर कुठे आहेत?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. शिवाय १९७७ ते १९९२ या काळात फ्रेलिमो सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना यांच्यात भीषण यादवी झाली. त्यात घरचे माणूस गमावलेले कुटुंब शोधायला तिथे फार लांब जावे लागत नाही.

बदलही झाले आहेत, हे मान्य केले पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या त्यांच्या राष्ट्रगीतात पक्षाचे नावच होते. बहुपक्षीय लोकशाही आल्यावर ते अडचणीचे ठरले आणि २००२ मध्ये नवे राष्ट्रगीत आले. कार्यक्रमात ते वाजले, तर आपल्या लोकांनीही उभे राहावे, एवढे मात्र कार्यकारिणीला आधी सांगून ठेवा.

एक सावधगिरी. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर तिथे मोठी आंदोलने झाली आणि त्यांचे नेतृत्व करणाऱ्या विरोधी नेत्याचे नाव वेनांसिओ मोंडलाने आहे. आडनाव तेच असले तरी हे राजकारण वेगळे आहे. आजची बातमी शोधायला गेलात, तर याच मोंडलाने यांची छायाचित्रे आधी समोर येतील, आणि भाषणामागच्या पडद्यावर चुकून ते छायाचित्र लागले, तर सभागृहातल्या निम्म्या मुलांना आनंद होईल आणि निम्म्यांचे चेहरे पडतील.

विद्याधर_क

सिमांगो यांच्याविषयीची भर योग्य आहे. फक्त यजमानांनी तो विषय भाषणात काढू नये, असे मला वाटते. ते त्यांच्या घरातले भांडण आहे आणि त्यावर बोलण्याचा पहिला अधिकार त्यांचाच आहे. आपल्याकडेही ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता दोन मिनिटे सारा देश स्तब्ध उभा राहतो, पण त्या तारखेविषयी पुण्यातच मोकळेपणाने बोलायला गेले की बैठकीत कसा अवघडलेपणा येतो, हे आपण सारे जाणतो. एखाद्या परदेशी पाहुण्याने त्या दिवशी आपल्याला ‘मारेकरी तुमच्याच शहरातून गेले होते ना?’ असे विचारले, तर प्रश्न तथ्याला धरून असूनही आपल्याला तो त्या जागी रुचणार नाही.

त्याच कारणाने मोंतेरोविषयी बेतीकरांशी माझे थोडे दुमत आहे. त्याने बॉम्ब बनवला हे बहुतेक अभ्यासक मानतात, पण त्या हत्येसाठी कोणत्याही न्यायालयात कोणालाही शिक्षा झालेली नाही. पाच मिनिटांच्या भाषणात हा फरक सांभाळता येत नाही. आकिनो द ब्रागांसा यांचे नाव घ्यावे आणि तिथे थांबावे.

बेती_ते_बिबवेवाडी

विद्याधरसर, आपला मान राखून असहमती नोंदवतो. सिमांगो हे त्यांच्या घरातले प्रकरण आहे, हे मान्य. मोंतेरो मात्र आपल्या घरातला आहे. आपल्या बाजूचा फक्त आकिनो सांगायचा आणि मोंतेरो गाळायचा, म्हणजे पाहुण्यांपुढे दिवाणखाना झाडून ठेवण्यासारखे झाले. ‘ज्याच्यावर अनेक अभ्यासक ठपका ठेवतात’ एवढे एक वाक्य म्हटले की न्यायालयाचा प्रश्नही सांभाळला जातो.

आणखी एक गोष्ट गाळली जाते, तीही सांगतो. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्याची किंमत मोझांबिकमधल्या भारतीयांनी मोजली. भारतीय नागरिक असलेल्या तिथल्या व्यापाऱ्यांना, मुख्यतः गुजराती कुटुंबांना, पोर्तुगिजांनी सूड म्हणून छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता गोठवली आणि पुढे त्यांना देशाबाहेर काढले. पोर्तुगीज नागरिकत्व असलेल्या गोवेकरांवर ही वेळ आली नाही. आणि आपण पेढे वाटत होतो तेव्हा फ्रेलिमोची स्थापना व्हायला अजून सहा महिने होते. गोवा गेला तरी सालाझार नमला नाही. उलट आफ्रिकेतल्या वसाहती कोणत्याही परिस्थितीत सोडायच्या नाहीत, असा हट्ट त्याने धरला. गोव्याचे भारतातील विलीनीकरण पोर्तुगालने मान्य केले ते थेट १९७४ च्या अखेरीस, म्हणजे आफ्रिकेतली युद्धे लढून थकलेल्या त्यांच्याच सैन्याने एप्रिलमध्ये राजवट उलथवल्यानंतर. आपल्या मुक्तीवर त्यांची सही व्हायला मोझांबिक, अंगोला आणि गिनी-बिसाऊ इथली मुले लढावी लागली. ‘आपला काय संबंध’ या प्रश्नाला माझ्याकडे यापेक्षा नेमके उत्तर नाही.

सहकारी_सभासद

गिनी-बिसाऊचा उल्लेख आलाच आहे म्हणून विचारतो. तिथले आमिल्कार काब्राल यांचीही हत्याच झाली ना? त्यांचाही असा दिवस आहे का?

विद्याधर_क

आहे. काब्राल पेशाने कृषितज्ज्ञ होते. २० जानेवारी १९७३ रोजी कोनाक्रीत त्यांच्याच पक्षातील बंडखोरांनी त्यांना गोळ्या घातल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गिनी-बिसाऊने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. २० जानेवारी हा गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्ड या दोन्ही देशांत वीरांचा दिवस आहे. एकाच माणसासाठी दोन राष्ट्रे एकाच दिवशी सुट्टी घेतात, हे विरळाच. पण रेवतीताईंच्या पाच मिनिटांत त्यांना बसवू नये, अन्यथा भाषणाचे सामान्यज्ञान होईल.

बेतीकरांचा शेवटचा मुद्दा मात्र मला पटला. १९७४ च्या सहीचा भाग भाषणात असलाच पाहिजे. मोंतेरोविषयीचे दुमत कायम ठेवतो.

रेवती_कर्वेनगर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल कार्यकारिणीची बैठक झाली. नेहमीच्या अनामत रकमेवर सभागृह देण्याचे ठरले. झेंड्यावरच्या पुस्तकाविषयी सांगितल्यावर ज्येष्ठ सभासदांचा विरोध मावळला, आणि ते स्वतः १९५५ मध्ये शाळकरी वयात गोव्याला निघालेल्या सत्याग्रहींना निरोप द्यायला गर्दीत उभे होते, हे त्यांनी आम्हाला पहिल्यांदाच सांगितले. त्यांना पहिल्या रांगेत बसवणार आहे, आणि शक्य झाल्यास दोन शब्द बोलायलाही सांगणार आहे.

माझ्या भाषणात मोहन रानडे यांच्या सुटकेची तारीख, १९६१ नंतर छावण्यांत गेलेली कुटुंबे, आकिनो द ब्रागांसा आणि १९७४ ची सही हे येईल. सिमांगो यांचे नाव मी घेणार नाही. मोंतेरोचे काय करावे, हे अर्ज घेऊन आलेल्या दोघांनाच विचारले. त्यांच्यापैकी एक जण बैराचा आहे. त्याला ते नाव आधीपासून ठाऊक होते, तो गोव्यात जन्मला होता हे मात्र माहीत नव्हते. क्षणभर विचार करून तो म्हणाला की, जरूर सांगा, म्हणजे तुमचे झाल्यावर आम्हालाही आमच्याविषयी काही सांगता येईल. त्यामुळे ते वाक्य बेतीकरांनी सुचवलेल्या शब्दांत राहील.

पुण्यातले कोणी येऊ इच्छित असतील, तर ३ फेब्रुवारीला संध्याकाळी साडेसहाला यावे. पत्ता मला व्यक्तिगत निरोप पाठवून विचारावा. जेवण मुले स्वतः करणार आहेत. शाकाहारी मंडळींसाठी वेगळे पातेले ठेवण्याचे त्यांनी आपणहून कबूल केले आहे, फक्त किती जण येणार तो आकडा त्यांना दोन दिवस आधी हवा आहे.